ग्रंथनिवड समितीस खुले पत्र: संच घेण्याआधी सतरंजीवर या

प्रति,
ग्रंथनिवड समितीचे सर्व सन्माननीय सदस्य,
तालुक्यातालुक्यांतली सार्वजनिक वाचनालये

स. न. वि. वि.

मार्च तोंडावर आलाय. अनुदानाचा हप्ता जमा झाला असेल किंवा आज-उद्या होईल, आणि 31 तारखेच्या आत पुस्तकं दाखल करून बिलं फायलीला लावायची म्हणून तुमची बैठक लागेल. या बैठकीत काय होतं ते मला पाठ आहे. कादंबऱ्यांवर पाऊण तास जातो. आत्मचरित्रांवर एखादा वाद होतो. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं किती घ्यायची यावर आवाज थोडा चढतो. मग चहा येतो, आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता कुणीतरी म्हणतं, "बालविभागाला एखादा संच घेऊन टाकू."

हे वाक्य मी देवघेवीच्या टेबलामागे बसून बावीस वर्षं ऐकलं. वाचनालयाचं नाव लिहीत नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ते आपलंच वाटेल, तर वाटू द्या. ‘ब’ वर्गाचं वाचनालय, पहिल्या मजल्यावर, खाली किराणा दुकान. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण शनिवारी संध्याकाळी साडेचारला मी अजून तिथे जाते. मागच्या खोलीत सतरंजी टाकते आणि येतील त्या मुलांना पुस्तकं वाचून दाखवते. तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंतची मुलं असतात, कधी पाच, कधी अठरा. त्यांच्या आया आणि आज्या दाराशी पायरीवर बसतात. तुमच्या खरेदीचं पुढे काय होतं, ते मला त्या सतरंजीवर दिसतं. म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षीच्या संचाची हकिगत सांगते. पंचवीस पुस्तकं, चकचकीत कव्हरं, पन्नास टक्के सूट. विक्रेत्यानं स्वतः येऊन कपाटात लावून दिली. त्यातलं पहिलं मी शनिवारी उघडलं. खोटं बोलणाऱ्या सशाची गोष्ट. पानभर बारीक मजकूर आणि वर कोपऱ्यात ससा. हाच ससा तिसऱ्या पानावर पुन्हा, फक्त तोंड दुसरीकडे फिरवलेला. सहाव्या पानावर अस्वल आलं. ते वेगळ्याच हातानं काढलेलं, सशाशेजारी कापून चिकटवल्यासारखं. चार वर्षांचा एक मुलगा माझ्या गुडघ्याला टेकून बसला होता. तिसऱ्या पानाला तो उठला. मी म्हटलं, "अरे, पुढं ऐक की." तो म्हणाला, "न्हाई. मला कळलं." काय कळलं विचारलं, तर म्हणाला, "ससा मार खाणार."

बरोबर होतं त्याचं.

तो उठून गेला खिडकीखालच्या खोक्याकडे. तिथे आम्ही फाटकी, बांधणीला पाठवायची पुस्तकं ठेवतो. त्यातून त्यानं एक बिनकव्हराचं चित्रपुस्तक काढून आणलं. मजकूर फार तर शंभर शब्दांचा. एका घरातली सकाळ, बाकी काही घडत नाही. त्या दिवशी ते मी पाच वेळा वाचलं. पाचव्या वेळी त्यानं एका पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हिला कुणी बोलावलं?" कॉटखाली, चपलांच्या मागे, मांजर होती. नीट बघितलं तर फक्त शेपूट आणि एक कान. मी ते पुस्तक किती वर्षं हाताळत होते! शिक्का मारला, नोंद केली, तीनदा चिकटवलं, आणि मला मांजर दिसली नव्हती. मग सगळ्या पानांवर तिचा शोध सुरू झाला. ती आणखी दोन पानांवर निघाली. मजकुरात तिचा एका शब्दानंही उल्लेख नाही.

पुस्तक निवडताना काय बघायचं, असं तुम्ही मला विचारलंत तर मी आधी हेच सांगेन: चित्राला स्वतःचं काही सांगायचं आहे का ते बघा. लिहिलंय ‘राजू झोपला’ आणि चित्रात झोपलेला राजू, एवढंच असेल तर मुलाला बघायला काही उरत नाही. मोठा माणूस वाचत असतो तेव्हा न वाचणारं मूल रिकामं नसतं, ते चित्र वाचत असतं. त्याला तिथे त्याचं स्वतःचं काम पाहिजे. आपल्याकडे हे ओळखून काम करणारी माणसं आहेत. माधुरी पुरंदरे लिहितातही आणि चित्रंही काढतात. ‘राधाचं घर’ उघडून बघा, शब्दांनी कुठे थांबायचं आणि चित्रानं कुठून पुढे जायचं हे एकाच हातानं ठरवलं की काय होतं ते दिसेल. तेवढा वेळ नसेल तर एक साधी खूण सांगते. कव्हरवर किंवा आतल्या पानावर चित्रकाराचं नाव शोधा. गेल्या वर्षीच्या त्या पंचवीस पुस्तकांत एकावरही नव्हतं.

दुसरं म्हणजे तात्पर्य. यावर मी जरा चिडून लिहिणार आहे, समजून घ्या.

आमच्या बालविभागातली निम्मी पुस्तकं ‘संस्कार’ या शब्दानं सुरू होतात. प्रत्येक गोष्टीखाली चौकटीत तात्पर्य. गोष्ट अशी लिहिलेली की ती त्या चौकटीकडे जाण्याचा रस्ता असावी. त्या पोराला तिसऱ्या पानावर कळलं ते उगीच नाही. यावर समितीतलं कुणीतरी लगेच म्हणतं, "पंचतंत्रातही नीती आहेच की!" आहे ना. पण पंचतंत्र काय सांगून सुरू होतं ते आठवा. महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती, त्याची तीन मठ्ठ मुलं, आणि त्यांना सहा महिन्यांत नीतिशास्त्र शिकवतो म्हणणारा विष्णुशर्मा. ती राज्य चालवण्याची नीती आहे: मित्र कसे मिळवावे, कसे फोडावे, शत्रूच्या घरात कसं शिरावं. त्यातला कोल्हा पुष्कळदा लबाडी करून जिंकतो. मुलांना तो आवडतो तो त्याच्या लबाडीसाठीच. आपण त्याच गोष्टींची हाडं काढून ‘मोठ्यांचे ऐकावे’ एवढं शिल्लक ठेवतो. आणि विष्णुशर्म्यानं सहा महिने मागितले होते, आपल्याला सहा पानांत मूल सुधारून पाहिजे.

त्यापेक्षा आपली काऊ-चिऊची गोष्ट घ्या. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं. तो भिजत दाराशी येतो. "चिऊताई, चिऊताई, दार उघड." ती म्हणते, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. थांब, बाळाला टीट लावते. ही गोष्ट मी एका शनिवारी सांगितली आणि मध्येच गप्प बसले. पाच वर्षांची एक मुलगी म्हणाली, "तिनं दार उघडायला पायजे होतं." दुसरी म्हणाली, "कावळा अंडी खातो, माझी आजी म्हणते." पायरीवरच्या आजीनं मान डोलावली. तिसरा म्हणाला, "पण तो भिजलाय." मग वीस मिनिटं भांडण. काऊला पडवीत बसवावं असा तोडगा एकीनं काढला, त्यावर दुसरीनं विचारलं की मेणाच्या घराला पडवी असते का. मी एक शब्द बोलले नाही. खाली चौकट छापलेली असती, तर ही वीस मिनिटं झाली असती का?

अर्थपूर्ण पुस्तक म्हणजे मला एवढंच म्हणायचंय: मिटल्यावर मुलं त्यावर बोलत राहतील असं. त्यात दुःख असलं, भीती असली, कुणाचं घर वाहून गेलं तरी बिचकू नका. मांडीवर बसलेल्या मुलाला भीती सोसते. म्हणून तर ते मांडीवर येतं.

आता भाषा. इथे समितीची एक चूक वर्षानुवर्षं चालू आहे, आणि ती चांगल्या हेतूनं होते म्हणून सापडत नाही. लहान मुलांची पुस्तकं म्हणजे जोडाक्षरविरहित, मोठ्या अक्षरांची, तीन-तीन शब्दांच्या वाक्यांची, असं तुम्ही धरून चालता. मुलानं स्वतः वाचायचं पुस्तक आणि मुलाला वाचून दाखवायचं पुस्तक ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलीतलं पोर अक्षर लावून वाचतं तेव्हा ‘छगन कमळ बघ’ ठीक. पण तीन वर्षांच्या मुलाला वाचणार आहे त्याची आई. आईला जोडाक्षरं येतात! मुलाच्या कानाला जोडाक्षर असं काही नसतंच. घरात ते ‘चष्मा’, ‘पुन्हा’, ‘दप्तर’, ‘ग्लास’ दिवसभर बोलतं. त्याच्यापुढे आपण काने-मात्रे मोजून कातरलेली वाक्यं ठेवतो, म्हणजे मूल बोलतं त्यापेक्षा पुस्तकच बोबडं.

कानाला काय लागतं ते आपल्या म्हातारीला माहीत होतं. "चल रे भोपळ्या टुणूक टुणूक" हे एकदा म्हटलं की मुलं पुढच्या वेळी तुमच्याआधी म्हणतात. म्हातारी वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक जनावराला तेच उत्तर देते: लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होऊन येईन. दुसऱ्या जनावरापाशी मुलं ते उत्तर म्हणायला तयार बसलेली असतात. पुनरुक्ती म्हणून हे कापणारे संपादक आहेत, मी अशी पुस्तकं बघितलीत. विंदा करंदीकरांनी ‘एटू लोकांचा देश’ 1963 मध्ये दिला. आज ती कविता मोठ्यानं वाचली तर तीन वर्षांचं मूल अर्थाची वाट न बघता डुलायला लागतं. अर्थ मागाहून येतो. कधी चार वर्षांनी येतो.

भाषांतरित पुस्तकांनाही हीच कसोटी लावा. मी भाषांतराच्या विरुद्ध नाही. आमच्या खोक्यातलं ते मांजरीचं पुस्तक भाषांतरच आहे. पण ‘आई, मला खात्री आहे की मी एक ढग पाहत आहे’ असं मराठी मूल बोलत नाही. ते म्हणतं, "आई, ढग बघ!" हे ओळखायला विद्वत्ता लागत नाही. एक पान मोठ्यानं वाचा. जीभ अडली की पुस्तक बाजूला ठेवा. समितीच्या बैठकीत कुणी पुस्तक मोठ्यानं वाचल्याचं मी बावीस वर्षांत एकदाही पाहिलं नाही. किंमत मात्र मोठ्यानं वाचतात.

आणखी एक प्रसंग, तो मला सोडत नाही. आमच्याकडे साखर कारखाना आहे. हंगामात बीडकडून तोडीची माणसं येतात, कारखान्याच्या अलीकडच्या माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडतात. दोन वर्षांपूर्वी तिथली एक अंगणवाडी सेविका पाच-सहा मुलांना शनिवारी घेऊन आली. मी उत्साहानं ‘माझे घर’ नावाचं पुस्तक काढलं. घर म्हणजे बंगला, पुढे बाग, दारात गाडी, आई ओट्याशी, बाबा पेपर वाचत. एक मुलगी पानं उलटत शेवटपर्यंत गेली, परत पहिल्या पानावर आली आणि म्हणाली, "यात कोप न्हाई." तक्रार नव्हती ती, माहिती दिली तिनं. मी तिला कागद दिला. तिनं पाचटाची कोप काढली, शेजारी बैलगाडी काढली, आणि गाडीखाली झोपलेलं कुत्रं. चित्र चांगलं होतं, विशेषतः कुत्रं.

बंगल्याची पुस्तकं घेऊ नका असं माझं म्हणणं नाही. आमच्या गावातल्या मुलानं पेंग्विनची गोष्टही ऐकावी. पण तुमच्या बालविभागातल्या सगळ्या पुस्तकांत आई एकाच ओट्याशी उभी असेल, सगळी माणसं गोरी असतील आणि कुणाच्याच घरावर पत्रा नसेल, तर कपाटासमोर उभ्या राहिलेल्या अर्ध्या मुलांना आपण काहीतरी सांगतोय. एकदा कपाट उघडून नुसती चित्रं चाळा: स्वयंपाक करणारा बाबा किती पुस्तकांत आहे, एसटी स्टँड कितींत, भाड्याची खोली कितींत. मी मोजलं होतं. आकडा देत नाही, लाज वाटते.

पैशाचं तुम्ही काढालच. चांगली चित्रपुस्तकं महाग आणि पातळ, सभासद म्हणतात चोवीस पानांना एवढे? काही महाग आहेत, खरंय. पण नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तकं मराठीत मिळतात आणि अजूनही परवडतात. ‘प्रथम बुक्स’ 2004 पासून स्वस्त चित्रपुस्तकं काढतंय. त्यांच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर 2015 पासून पुस्तकं फुकट वाचता येतात, उतरवून छापताही येतात, शिवाय तुमच्या बोलीत भाषांतर करायची मोकळीक आहे. ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय, पण ते जरा मोठ्यांसाठी. आणि मुख्य म्हणजे हिशेब उलटा करून बघा. पंचवीस पुस्तकांच्या संचातली बावीस कपाटात पडून राहणार असतील, तर पन्नास टक्के सूट कशावर मिळाली? त्या पैशात आठ चांगली पुस्तकं येतात. त्यातल्या दोन-तीन पुस्तकांच्या चार-चार प्रती घ्या. एकच पुस्तक चार प्रतींत घेणं म्हणजे उधळपट्टी असं तुमच्या कार्यवाहांना वाटेल. पण लहान मूल तेच पुस्तक महिनाभर मागतं, आणि त्याचा मित्रही नेमकं तेच मागतो. ‘पुन्हा वाच’ ही मुलानं दिलेली पावती आहे, ती ऑडिटला चालत नाही एवढंच.

"शासनमान्य यादीत आहे" हेही मला कुणी सांगू नये. यादीत चांगली पुस्तकंही असतात. यादी तुम्हाला घ्यायची परवानगी देते, निवडायचं काम तुमचंच राहतं.

मग निवडायचं कसं? माझ्या मागण्या फार नाहीत. बालविभागाच्या खरेदीपुरतं समितीत एका अंगणवाडी सेविकेला आणि लहान मूल असलेल्या एखाद्या आईला किंवा बापाला बोलवा. विक्रेत्याकडून नमुना प्रती मागून घ्या. देतात, मागितल्या की देतात. त्या एका शनिवारी मुलांत टाका आणि तासभर गप्प बसून बघा. कुठलं पुस्तक दोघांनी ओढलं, कुठलं उघडून लगेच मिटलं, कुठल्या पानावर बोट थांबलं, ते टिपून ठेवा. ‘वयोगट 3 ते 12’ छापलेलं पुस्तक मात्र न बघताच परत करा. असा कुठला वयोगट नसतो.

आणि कपाटाचं कुलूप काढा. आमच्याकडे बालविभागाची किल्ली कार्यवाहांच्या घरी असायची, मुलं पुस्तकं फाडतात म्हणून. फाडतात. दोन वर्षांचं मूल पान उलटायला शिकतं तेव्हा एखादं पान जातंच. त्याच्या आईच्या अनामतीतून पैसे कापले तर ती दुसऱ्या दिवशी येत नाही, मी स्वतः पावती फाडून तिला दिली होती आणि ती आली नाही. आजही ती बाजारात भेटली की मीच नजर चुकवते. बालविभागासाठी दरवर्षी थोडी पुस्तकं झिजणार हे धरूनच चाला आणि निर्लेखनाचा, म्हणजे झिजलेली पुस्तकं नोंदीतून काढायचा, ठराव न कुरकुरता करा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा म्हणत तिला. आपल्याला एक जिना उतरून दहा पुस्तकांची पिशवी अंगणवाडीत पाठवायची आहे, एवढंच. पिशवी मी शिवून देते.

घरी वाचणाऱ्यांसाठीही दोन ओळी बालविभागात लावता आल्या तर लावा. मध्येच मुलानं प्रश्न विचारला तर ‘आधी पूर्ण ऐक’ म्हणू नका. आणि वाचून झाल्यावर ‘काय शिकलास?’ विचारू नका. पायरीवरच्या आज्यांना हे सांगायला मला दोन वर्षं लागली. त्यातल्या एकीला वाचता येत नाही. ती चित्रं बघून स्वतःची गोष्ट रचते, नातवाला ती छापलेल्या गोष्टीपेक्षा जास्त आवडते. मला दोन्ही येतात, तरी मला तिची जास्त आवडते.

तर बैठकीच्या आधीच्या शनिवारी, साडेचारला, तुमच्यापैकी जमेल त्यांनी यावं. खुर्ची मिळणार नाही, सतरंजी आहे. नमुना प्रती घेऊन या. आणि चष्मा विसरू नका.

कळावे, लोभ असावा.

आपली,
बालविभागाची एक माजी ग्रंथपाल

ता. क. या वर्षीच्या निर्लेखनाच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर ‘कव्हर नाही, पाने सुटी’ असा शेरा मारलेलं चित्रपुस्तक आहे. ते रद्दीत देऊ नये. ते गहाळ नाही, माझ्या पिशवीत आहे. पानं खळीनं चिकटवलीत, शनिवारी लागतं.